शंकरपटाच्या गेमसाठी इंजिनात कोणती स्क्रिप्टिंग भाषा टाकू?

पराटी_पिक्सेल
नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला. शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, गेम करून रायलो, इंजिन माझंच आहे, सी प्लस प्लस अन् एसडीएलवर (चित्र, आवाज, इनपुट सांभाळणारी लायब्ररी), जोड्या पळतात, धूळ उडते, घड्याळ चालते, एवढं झालं. अडचण अशी का बैलांचे स्वभाव, पटाचे नियम, गर्दीतले डायलॉग सारं कोडातच कोंबलं आहे, एक आकडा बदलवला का पुन्हा कंपाईल करा, जुन्या लॅपटॉपवर लय वेळ जाते अन् वरतून लाईन कधी जाईल नेम नाही. बैलांचं सारं चुलतभाऊ लिहिणार आहे, कोणता बैल सुटतानाच जोर लावते अन् कोणता शेवटी, हे तो जोडी पाहून सांगते, पण प्रोग्रामिंग म्हणाल तर एक्सेलच्या फॉर्म्युल्यापुरतं. म्हणून हे सारं पुन्हा कंपाईल न करता बदलवता येईल अशा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढाचं आहे. मले पायथन येते म्हणून तेच टाकावं म्हणतो, लुआ अन् अँजलस्क्रिप्ट या दुसऱ्या स्क्रिप्टिंग भाषांबद्दलही वाचलं. गेम साध्या अँड्रॉइड फोनवर चालला पायजे. काय घेऊ?

वरुड_संत्रा
भाऊ, पायथन भाषा चांगलीच आहे पण इंजिनाच्या पोटात बसवाची म्हटलं तर तिच्यासंगं स्टँडर्ड लायब्ररीचं सारं बिऱ्हाड येते, अँड्रॉइडवर ते बसवता बसवता दमून जाशील. लुआ घे. ब्राझीलच्या रिओमधल्या विद्यापीठात १९९३ मध्ये झाली, दुसऱ्या प्रोग्राममध्ये बसवाची म्हणूनच बनवलेली, साध्या सी मध्ये आहे, सारं मिळून काही शे केबी, एनडीकेत (अँड्रॉइडसाठी सी, सी प्लस प्लस कंपाईल कराची साधनं) सरळ कंपाईल होते. लायसन्स एमआयटी.
अन् मुख्य म्हणजे स्क्रिप्ट कोण लिहिणार ते पाय. तुझा चुलतभाऊ लिहिणार न? लुआत एक टेबल (नाव अन् त्याच्यापुढं त्याची किंमत, अशी यादी) समजलं का अर्धी भाषा समजली. बैलाचं नाव, जोर, दम, बुजते का नाही, हे सारं एका टेबलात लिहून देईल तो. कोरूटीनही आहेत, म्हणजे 'झेंडी पडेपर्यंत थांब, मग पळ' हे जसं बोलतो तसंच ओळीखाली ओळ लिहिता येते, मधात यील्ड केलं, म्हणजे थांबून ताबा परत दिला, का इंजिन आपलं काम करते अन् पुढच्या फ्रेमला तिथूनच सुरू.

धामणगाव_०७
मी थोडा वेगळा बोलतो. लुआत व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तर ती काही म्हणत नाही, गुपचूप नवीन ग्लोबल (साऱ्या स्क्रिप्टले दिसणारं) व्हेरिएबल तयार करते, अन् नवख्या माणसाले ते सापडता सापडत नाही. अँजलस्क्रिप्टमध्ये टाईप लिहा लागतात म्हणून असली चूक कंपाईल होतानाच धरली जाते, अन् सी प्लस प्लसचे क्लास जवळपास जसेच्या तसे रजिस्टर होतात. एकटाच लिहिणार असतास तर मी तेच म्हटलं असतं.

वरुड_संत्रा
दादा, बरोबर आहे तुमचं, पण ग्लोबल टेबलाले एक मेटाटेबल (टेबलानं कसं वागावं हे ठरवणारं दुसरं टेबल) लावून त्याच्या न्यूइंडेक्समध्ये (नवीन नाव टाकलं का चालणारं फंक्शन) एरर टाकला का स्पेलिंगची चूक तिथंच ओरडते, चार ओळीचं काम. ते पहिल्याच दिवशी करून ठेव पिक्सेल. अन् स्क्रिप्ट नेहमी पीकॉलमधून (एरर पकडून ठेवणारं लुआचं फंक्शन) चालव, भावाची चूक झाली तर गेम बंद नाही पडणार, स्क्रीनवर फाईल अन् ओळ नंबर दिसेल, तो तिथंच दुरुस्त करून पुन्हा लोड करेल.

पराटी_पिक्सेल
हे भारी आहे! मग लुआजेआयटी (चालता चालताच मशीन कोड बनवणारी लुआ) घेऊ का, फास्ट आहे म्हणतात? अन् गार्बेज कलेक्शननं (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणं) पळता पळता झटका बसते का?

धामणगाव_०७
जेआयटीची गरज नाही तुले, तिची भाषा ५.१ वरच आहे, साधी ५.४ घे. साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमले १६.६ मिलिसेकंद, त्यात फिजिक्स अन् टक्कर सी प्लस प्लसमध्येच ठेव, स्क्रिप्टमध्ये फक्त निर्णय. झटका येते तो दर फ्रेमले नवीन टेबल बनवत बसलं का, म्हणून बैल कुठं आहे हे सांगाले एक्स-वायचं टेबल पाठवू नको, दोन आकडे सुटे पाठव. बाइंडिंग (सी प्लस प्लस अन् लुआची जोडणी) हातानं करत बसू नको, सोल२ ही लायब्ररी वापर, पण त्यानं कंपाईलचा वेळ वाढते, म्हणून बाइंडिंगची एकच वेगळी फाईल कर.

पराटी_पिक्सेल
ठरलं, लुआ ५.४. आधी फक्त बैलांचं टेबल बाहेर काढतो, ते भावाले जमलं का मग पटाचे नियम.