मदत हवी: दाराच्या पॅनलचा रंग नखाने सुटतोय, आता डॅशबोर्डला हात लावू का?

खडखडाट
सरळ मुद्द्यावर येतो. गाडीच्या आतली पॅनलं घरीच रंगवायला घेतली आहेत. मूळचा करडा रंग विटलाय, काळा करायचाय. दारांची पॅनलं रंगवून झाली, दिसायला झकास, पण दुसऱ्या दिवशी नख लावलं तर सालपटं निघतायत. डॅशबोर्ड अजून बाकी आहे आणि सुट्टी संपत आलीये. टिकेल असा रंग कोणता? 'बाहेरून करून घ्या' हा सल्ला नको. जरा लवकर सांगा, गाडी उघडीवाघडी उभी आहे.

पानाआड
आधी काय मारलंय? प्रायमर होता का? पॅनल कडक आहे की वर रेग्झिन? मागच्या बाजूला काही छापलंय का?

रॅपप्रेमी
रंगाच्या भानगडीत पडूच नका हो. विनाइल रॅप (चिकटवायची पातळ फिल्म) आणा, हीट गनने शेकत बसवा. कंटाळा आला की सोलून टाकायचं. मी सेंटर कन्सोलला लावलंय, एक बुडबुडा नाही.

खडखडाट
साधा काळा स्प्रे मारलाय. पॅनल प्लास्टिकचं, गाडीत असतं तसंच. पुसून घेतलं होतं. रॅप नको, पॅनलला फार वळणं आहेत. रंगाचं नाव सांगा फक्त.

पानाआड
'पुसून घेतलं' म्हणजे कशाने? आणि मागचा छाप?

सावकाशचालवा
ओरखड्यावर नख फिरवून बघा. अडकलं नाही तर तो फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे, रबिंग कंपाउंडने जाईल. अडकलं तर टच-अप. बंपरला पुटी भरायच्या फंदात पडू नका.

खडखडाट
बंपर कुठून आला मध्येच?
पानाआड, छाप सापडला, 'पीपी-टी२०'. पुसलं ओल्या फडक्याने. तसंही दर वेळी गाडी धुतली की आतून चकाकीचं पॉलिश मारतो, त्यामुळे प्लास्टिक स्वच्छच होतं.

पानाआड
घ्या, सगळं यातच आलं! पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड). या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा इतकी कमी की रंग त्याला धरतच नाही, साधा प्रायमरसुद्धा नाही. आधी ॲडहिजन प्रमोटरचा, म्हणजे रंगाला प्लास्टिकवर पकड देणाऱ्या द्रावाचा, पारदर्शक हात लागतो. कॅनवर पीपी आणि टीपीओ (पीपीत रबर मिसळलेलं प्लास्टिक) यांच्यासाठी चालतो असं लिहिलेलं बघूनच घ्या. दुसरा शत्रू तुमचं पॉलिश. असल्या चकाकीच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकोन तेल असतं, ते ओल्या फडक्याला दाद देत नाही.

आताचा रंग पूर्ण काढा, अर्धवट ठेवू नका. साबणपाणी आणि मऊ ब्रशने दाणेदार खोबणी धुवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी घेऊन: एकाने लावायचं, उडून जायच्या आत दुसऱ्याने टिपायचं. फडकं पालटत राहा, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे. घासायचं यानंतर, आधी नाही. आधी घासलंत तर सिलिकोन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग जागोजागी फाकतो. घासायला करडं स्कॉच-ब्राइट घ्या, पॉलिश पेपरने वरचा ग्रेन मरतो. मग प्रमोटर, आणि कॅनवर दिलेल्या वेळेच्या आत आतल्या प्लास्टिक-विनाइलसाठीचा लवचिक रंग. २०-२५ सेंमीवरून, पहिला हात नुसता शिंतोडल्यागत, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं. पावसाळी दमट हवेत मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते.

लिंबूटिंबू
वाचनखूण साठवली. ज्यांना छाप सापडत नाही त्यांनी तुकडा पाण्यात टाकावा. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस (गाडीत वापरतात ते दुसरं कडक प्लास्टिक).

पानाआड
ही परीक्षा याच पॅनलवर फसेल. नुसत्या पीपीची घनता ०.९, पाण्याची १, म्हणून तो तरंगतो. २० टक्के टाल्क घातला की ती १.०४ च्या घरात जाते, जवळपास एबीएसइतकीच. बुडणार.

लिंबूटिंबू
आमचा तरंगला होता.

पानाआड
मग त्यात टाल्क नव्हता.

रॅपप्रेमी
एवढे सोपस्कार करण्यापेक्षा रॅप काय वाईट? (गंमत करतोय, हलकेच घ्या)

पानाआड
पीपीवर तुमचा गोंद तरी कुठे नीट धरतो? कडांना रॅपवालेही प्रायमर लावतातच.

हळूवार
डॅशबोर्डचं कोणी बोलतच नाहीये. डावीकडे-उजवीकडे जिथे एअरबॅग लिहिलंय ते झाकण आणि स्टिअरिंगचा मधला भाग सोडून द्या. ना रंग, ना रॅप. बॅग काही मिलिसेकंदांत फुगते आणि झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं लागतं. डॅशबोर्ड सोडवायचा असेल तर बॅटरीची ऋण तार काढा, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. वरचा भाग मॅटच ठेवा, नाहीतर तो पुढच्या काचेत दिसत राहतो.

तुरटी
अवांतर: माझ्या गाडीची बटणं आणि हँडल चिकट झालीत. रंगवली तर जाईल का चिकटपणा?

हळूवार
नाही. तो सॉफ्ट-टच थर आहे, दमट हवेत त्याचं पॉलियुरेथेन विघटन पावतं. आयसोप्रोपिलने पूर्ण खरवडून काढा, खाली कडक प्लास्टिक मिळेल. ॲसिटोन किंवा थिनर नको, एबीएस असेल तर विरघळेल.

सावकाशचालवा
आणि मास्क? धुळीचा मास्क रंगाच्या वाफा अडवत नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज लागतं. हार्डनरवाल्या टू-के क्लिअरच्या तर घरी वाटेलाच जाऊ नका, त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं.

पानाआड
+१. बंपर सोडून पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.

खडखडाट
ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर सगळं क्रमाने करून पाहिलं. आज मास्किंग टेप दाबून ओढली. मधला भाग जागचा हलला नाही, पण कडेच्या खोबणीतून रंग टेपबरोबर आला.

पानाआड
तिथे पॉलिश उरलंय. जुन्या टूथब्रशला आयसोप्रोपिल लावून खोबण घासा आणि तेवढ्याच भागाला पुन्हा प्रमोटर.

खडखडाट
बरं. दारांची पॅनलं नव्याने केली तर त्याच दिवशी जोडू का?

पानाआड
रात्रभर थांबा. जोडण्याआधी मागच्या क्लिपांच्या खाचेत रंग गेला असेल तर खरवडा, नाहीतर क्लिप अर्धवट बसते आणि पॅनल वाजत राहतं. काढताना तुटलेल्या क्लिपा नव्या घाला. आणि आठवडाभर त्या दारावर कोपर टेकवू नका.