पाच वर्षांची मुलगी तोंडावर पाणी उडालं की घाबरते, सुरुवात कशी करावी?

चिपळूणची_आई:
मुलगी सोसायटीच्या तलावात कमरेपर्यंत उतरते, पण तोंडावर पाणी उडालं की गळ्याला मिठी मारते ती सोडतच नाही. मे महिन्यात मामाच्या गावी जायचंय, तिथे मुलं विहिरीत पोहतात. दंडाला हवेचे फुगे बांधून सोडलं तर भीती जाईल का?

पाणमांजर:
ताई, फुगे नकोत. दंडाला फुगे असले की मूल पाण्यात उभं राहून सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. पोहायला अंग आडवं लागतं, म्हणजे ती सवय पुढे मोडत बसायची. शिवाय फुगे काढल्यावरही आपण तरंगतोच असं मुलाला वाटतं, आणि नजर चुकवून उडी मारतं.

सुरुवात न्हाणीघरात करा. तांब्याने आधी खांद्यावर, मग डोक्याच्या मागून, तिला सवय झाली की कपाळावरून पाणी सोडायचं. दर वेळी "एक, दोन, तीन" म्हणून मगच. एकदा जरी न सांगता ओतलंत तरी पुन्हा पहिल्यापासून. सोबत घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडे काढायचे, आधी तोंडाने, मग ओठ मिटून नाकाने "हंऽऽ" करत. नाकातून हवा बाहेर येतेय तोवर पाणी आत शिरत नाही. ठसका लागतो तो श्वास आत ओढल्यामुळे, हे तिलाही सांगा.

काठावरचा:
यानंतर उताणं तरंगणं. डोकं तुमच्या खांद्यावर, कान पाण्यात, नजर आभाळाकडे, तुमचा हात पाठीखाली. पाय दिसतात का बघायला मुलं हनुवटी छातीशी आणतात आणि तिथेच कंबर बुडते. "पोट वर" एवढंच म्हणा. आधार कमी करताना आधी पूर्ण तळवा, मग दोन बोटं.

मूल पाण्यात पडतं ते बहुधा काठावरूनच. म्हणून छातीभर पाण्यात उडी, वळणं आणि काठ पकडणं हे हातपाय मारण्याच्या आधी यायला हवं. वीस मिनिटं पुरे. कुडकुडायला लागलेलं मूल काही शिकत नाही.

चिपळूणची_आई:
आणि विहिरीत पाठीला भोपळा किंवा डबा बांधतात, तो चालेल?

पाणमांजर:
या वर्षी विहीर नकोच. पायरी सोडली की तळ नाही, कडा शेवाळलेल्या, खालचं पाणी गार. पाठीवरचा डबा दमलेल्या मुलाला पालथं करतो. दोर सैल होऊन मांड्यांकडे सरकला तर कंबर वर, डोकं खाली. खोल पाण्याजवळ न्यायचंच असेल तर मापाचं लाइफ जॅकेट, मांड्यांमधून पट्टा असलेलं. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे.

आणि बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, तोंड पाण्यावर आलं तरी श्वासालाच वेळ पुरत नाही. त्यामुळे तुम्ही हातभर अंतरावर, मोबाइल पिशवीत. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं हे गावाकडचे उपाय अजिबात नकोत. उलटी श्वासनलिकेत जाते आणि वेळही जातो. आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हे मदत येईपर्यंत. तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा.

काठावरचा:
पोहण्याचा पोशाख निळा घेऊ नका, पाण्याखाली दिसत नाही. भडक नारिंगी घ्या.