बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला बोअरचं पाणी द्यावं का?

मोसंबीवाला_जालना:
सलाम मंडळी. आमचं घराणं जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीकडचं, ती वसवणाऱ्या मिशनरी नारायण शेषाद्रींच्या काळापासून ख्रिस्ती. आता साडेतीन एकर मोसंबी आहे. शेजाऱ्यानं तीन वर्षांत बांध कोरून कोरून असा केला की त्यावरून शेळी जाईना, वर मागच्या पोळ्याला चारचौघांत आईवरून शिवी दिली. आता त्याची बोअर आटली, झाडं वाळू राहिली, तर परवा पोराला पाठवलं, दोन तास पाणी देता का म्हणून. स्वतः आला नाही. अन नेमकं रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझंच होतं, बायबलातलं रोमकरांस पत्र, अध्याय १२, शत्रू तान्हेला असेल तर त्याला प्यायला दे. बायको म्हणती वाचायला काय लागतं, उद्या आपली बोअर आटली तर? मला वाटतं आधी त्यानं माफी मागावी, बांध सोडावा, मग पाणी. चुकतंय का माझं?

लातूरची_ताई:
भाऊ, राग येऊ देऊ नका पण तुम्ही म्हणताय तो सौदा झाला. त्याच पत्राचा ५वा अध्याय काढा, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आपण सुधरायची वाट बघत बसला नाही. आणि तुम्ही वाचलं त्या वचनात पुढं हाय ना, असं केल्यानं तू शत्रूच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील, ते मनात धरून पाणी देऊ नका, आता कसा लाजतोय बघू म्हणून. मी हेच केलंय. सासूबाईंना वर्षभर गरम भाकरी वाढली आन दर भाकरीला मनात हिशेब मांडला, त्यांना ते कळायचं, अर्धी खाऊन ताट सारायच्या. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा मी हंडा घेऊन रांगेत होते, कोणी विचारलं नाही बाई तू कोणाशी कशी वागलीस.

पैठणकर:
मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे, तरी बोलतो. नाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. गाढवानं आधी माफी मागितली नव्हती. (शेजाऱ्याला गाढव म्हणत नाहीये हं 😀)

तिसरी_पिढी_बीड:
सगळे संत झाले इथं. पाणी दिलं की उद्या बांधच काय, बोअर पण त्याचीच म्हणंल. भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, फी भरा, खुणा रोवून घ्या.

लातूरची_ताई:
मोजणी कराच की, कोण नाही म्हणतंय. प्रीती करा म्हणजे सातबारा लिहून द्या असं नाही. फक्त पाण्याच्या वेळी बांधाचा विषय काढायचा नाही आन मोजणीच्या दिवशी पाण्याचा. आणि आधी तुमची बाग भिजवा, तुमच्या बायकोचं पण खरंय.

मोसंबीवाला_जालना:
काल लाईट रात्री १२ ला आली. आधी आमची बाग केली, मग दोन तास तिकडं सोडलं. तो आला, बॅटरी धरून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, मी पण नाही. मोजणीचा अर्ज सोमवारी टाकतो. जोडायला माझाच पाइप नेला होता त्यानं, तो अजून परत आला नाही.