मदत हवी आहे: लॉट साइजसाठी एक्सेलचा सॉल्व्हर दर वेळी वेगळंच उत्तर द्यायलाय

उद्यमबागचा_पुतण्या

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमच्या काकांचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून कोल्हापूर आणि हुबळीकडच्या पार्ट्यांना माल देतो. काकांच्या डोक्यात सध्या एकच विषय: जागा पुरेना, शेजारची शेड महिना ३,००० रुपये भाड्यानं घेऊया. मी म्हटलं, थांबा, आधी लॉट (एकदा मशीन त्या जॉबसाठी लावलं, म्हणजे सेटिंग केलं, की सलग काढायचे नग) केवढा काढायचा ते तरी बघू. ते बघायला एक्सेलचा सॉल्व्हर (अटी पाळून कमीत कमी खर्चाचे आकडे शोधणारं साधन) घेऊन बसलो आणि तिथंच अडकलोय.

तीन जॉब नेहमीचे आहेत.

फ्लँज: वर्षाला १२,००० नग, एका सेटिंगचा खर्च ९०० रुपये, एक नग वर्षभर ठेवायचा खर्च १५ रुपये, एका क्रेटमध्ये ४० नग.
व्हॉल्व्ह बॉडी: ४,८०० नग, सेटिंग १,५०० रुपये, ठेवायचा खर्च ४० रुपये, क्रेटमध्ये १२ नग.
पंप कव्हर: २,४०० नग, सेटिंग १,२०० रुपये, ठेवायचा खर्च १६ रुपये, क्रेटमध्ये २० नग.

सेटिंगच्या खर्चात सेटरचा पगार, बंद मशीनचे तास आणि पहिले रिजेक्ट होणारे नग धरलेत. ठेवायचा खर्च म्हणजे मुख्यतः बँकेच्या कॅश क्रेडिटचं (सीसी) व्याज. रॅकवर ८० क्रेट बसतात आणि प्रत्येक जॉबची जागा ठरलेली आहे.

सध्या महिन्याच्या ऑर्डरीएवढाच लॉट काढतो: १०००, ४०० आणि २००. त्याचा वर्षाचा खर्च ६०,३०० येतो. सूत्र साधंच आहे: मागणी भागिले लॉट गुणिले सेटिंग, अधिक निम्मा लॉट गुणिले ठेवायचा खर्च. तिन्हींची बेरीज कमीत कमी करायची, क्रेट ८० च्या आत ठेवायचे. क्रेट मोजायला राउंडअप लावलंय, कारण अर्धा क्रेट नसतोच.

आता अडचण. सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्स एलपी ही फक्त रेषीय गणिताची पद्धत निवडली की गणित रेषीय नाही म्हणून तो नकार देतो. जीआरजी नॉनलिनिअर ही रेषीय नसलेल्या गणिताची पद्धत घेतली आणि लॉटचे सेल रिकामे ठेवले की एरर. त्यात काही आकडे भरून चालवलं की उत्तर येतं, पण सुरुवातीचे आकडे बदलले की उत्तरही बदलतं. कधी खर्च ५४ हजारांच्या आसपास, कधी ५७ हजार. खरं कुठलं मानायचं? सांगा की कुणीतरी जरा.

शिरोलीकर

रिकाम्या सेलचं सोपं आहे. लॉट शून्य धरला की मागणी भागिले शून्य होतं, पुढं सॉल्व्हर काय करणार? लॉट किमान १ अशी अट घाल आणि सुरुवात आत्ताच्या लॉटपासून कर. नुसती शून्यापेक्षा कमी नको ही टिक पुरत नाही, त्यात शून्य चालतं.

आकडेमोड

दादा, तुमचा गुन्हेगार राउंडअप आहे.

तुमचं खर्चाचं सूत्र फार सज्जन आहे. लॉट लहान असला की सेटिंगचा खर्च चढतो, मोठा असला की व्याज चढतं, मधे एकच तळ. क्रेटची अटही सरळ बेरजेची. अशा गणिताला दोन वेगवेगळे तळ असूच शकत नाहीत. म्हणून कुठूनही सुरू केलं तरी एकच उत्तर यायला हवं. येत नसेल तर शीटमध्ये काहीतरी तुटक आहे.

जीआरजी उतार बघत चालतं: लॉट किंचित वाढवला तर खर्च किती बदलला, क्रेट किती बदलले. राउंडअपमुळं किंचित बदलानं क्रेट बदलतच नाहीत. त्याला वाटतं जागा फुकट आहे, तो पुढं जातो आणि अचानक एक अख्खा क्रेट वाढून अट मोडते. मग जिथं असेल तिथं थांबतो. शेवटचा निरोप नीट वाचा. उत्तर सापडलं आणि चालू उत्तरावर स्थिरावलो, हे दोन वेगळे निरोप आहेत. दुसऱ्यावर एवढ्यात विश्वास ठेवू नका. आयएफ, लुकअप यांचाही असाच त्रास होतो.

राउंडअप काढा, क्रेट अपूर्णांकात राहू द्या. आणि सॉल्व्हरची तिसरी पद्धत, ते इव्होल्यूशनरी, कुणी सुचवलं तर आत्ता नको. ते तुटक सूत्रांसाठी बरं, पण आपलंच उत्तर सर्वांत चांगलं अशी खात्री ते देत नाही.

उद्यमबागचा_पुतण्या

चमत्कारच! आता कुठूनही सुरू केलं तरी ९२८, ४४२, ३९९. खर्च ५४,१३४. पण क्रेट २३.२, ३६.९ आणि १९.९५ दाखवतोय. पूर्णांकाची अट घालू का?

आकडेमोड

इतक्यात नको. त्याआधी निकालाच्या खिडकीत सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (अट थोडी सैल केली तर उत्तर किती बदलेल ते सांगणारा) निवडा. पूर्णांकाची अट घातली की तो रिपोर्ट मिळत नाही, आणि तुमच्या काकांचं उत्तर त्यातच आहे. क्रेटच्या अटीसमोर लॅग्रांज मल्टिप्लायर किती आहे ते सांगा.

उद्यमबागचा_पुतण्या

उणे २०२.

आकडेमोड

म्हणजे रॅकवर आणखी एका क्रेटची जागा झाली तर वर्षाला साधारण २०२ रुपये वाचतील. वर्षाला, महिन्याला नाही. तोही पहिल्या क्रेटचा भाव. अटीत ८० च्या जागी ९० घालून चालवा, हा आकडा १११ च्या आसपास उतरेल. त्या दहा क्रेटांचे मिळून दीड हजार. जागेची अट पूर्ण काढली तर लॉट १२००, ६०० आणि ६०० येतात, क्रेट ११०, खर्च ५१,६००. शेड कितीही मोठी असली तरी ह्या तीन जॉबवर वर्षाला साधारण अडीच हजारांच्या वर ती वाचवूच शकत नाही. भाडं ३६ हजार.

पूर्णांकाचं म्हणाल तर हातानेच करा: २३, ३७ आणि २० क्रेट, बरोबर ८०. लॉट ९२०, ४४४, ४००. खर्चात एका रुपयाचा फरक पडतो.

शिरोलीकर

गणित मान्य, पण एक शंका. मशीन तसंही रिकामं असेल तर सेटिंगचे ९०० रुपये खरंच खिशातून जातात का? पगार तर द्यायचाच असतो. जॉबची रांग लागलेली असेल तरच बंद तासांची किंमत धरावी. आमच्याकडं या एका आकड्यावरून सगळे भांडतात.

आकडेमोड

शंका रास्त आहे. पण लॉट सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो, हे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९१३ मध्येच मांडलंय. जागेची अडचण नसेल तर सेटिंगचा खर्च २० टक्के चुकला तरी लॉट साधारण १० टक्केच हलतो, आणि तळाजवळ खर्च जेमतेम बदलतो. अंदाज निम्म्यानं चुकला असेल तर मात्र पुन्हा चालवावं लागेल.

खानापूरचा_पाहुणा

मधेच घुसतो, माफ करा. आमच्याकडं लिब्रेऑफिस आहे. त्यात जमेल का?

आकडेमोड

जमेल. कॅल्कमध्ये सॉल्व्हर आहे, पण आपोआप रेषीय इंजिन निवडलेलं असतं. पर्यायांत जाऊन डीईपीएस किंवा एससीओ ही नॉनलिनिअर गणिताची इंजिनं निवडा. लॉटला खालची आणि वरची दोन्ही मर्यादा द्या. या इंजिनांत मल्टिप्लायरचा रिपोर्ट मिळत नाही, पण ८० चे ८१ करून खर्चातला फरक बघितला की जवळपास तोच आकडा हाती येतो.

उद्यमबागचा_पुतण्या

काकांना रिपोर्ट दाखवला. म्हणाले, शेड राहू दे, पण दिवाळीआधी फ्लँजची मागणी दुप्पट होते, तेव्हा काय? वर्षाचा आकडा बाराने भागून चालणार नाही हे मलाही पटलं. महिन्यागणिक मागणी वेगळी धरायची तर प्रत्येक महिन्याचा लॉट हा स्वतंत्र सेल करावा लागेल, आणि लॉट काढायचा की नाही हे शून्य-एकमध्ये. तीन जॉब, बारा महिने, म्हणजे ७२ सेल. एक्सेलच्या सॉल्व्हरची २०० ची मर्यादा आहे, त्यात बसतं. यात सेटिंगचा खर्च सरळ बेरजेत येतोय, मग सिम्प्लेक्स चालेल ना?

आकडेमोड

चालेल. फक्त लॉट आणि शून्य-एकच्या सेलचा गुणाकार करू नका, नाहीतर परत नॉनलिनिअर होईल. त्याऐवजी अट घाला: त्या महिन्याचा लॉट, शून्य-एक गुणिले एक मोठा ठरीव आकडा यापेक्षा जास्त नको. आणि पर्यायांत पूर्णांकाची सूट (इंटिजर ऑप्टिमॅलिटी) १ टक्का असते ती शून्य करा, नाहीतर तो जवळपासच्या उत्तरावर समाधान मानून थांबेल. शीट बनवा, अडलं तर इथंच टाका.