‘आत्माहुती’ आणि ‘हौतात्म्य’ यांत फरक काय?

प्रश्न: मुलाच्या निबंधात बाईंनी ‘हुतात्म्य’ खोडून ‘हौतात्म्य’ केले, पण शेजारची ‘आत्माहुती’ तशीच ठेवली. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

प्रतिसाद १: बाईंचे बरोबर आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःलाच असे अर्पण केले तो हुतात्मा, आणि त्याचे भाववाचक नाम करताना आद्य ‘हु’चा ‘हौ’ होतो, जसे ‘सुंदर’वरून ‘सौंदर्य’. आत्माहुती ही जाणूनबुजून केलेली कृती आहे, तर हौतात्म्य ही त्या मरणाला समाजाने दिलेली प्रतिष्ठा आहे. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून १३ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडणाऱ्या जतींद्रनाथ दासांना दोन्ही शब्द शोभतात.

प्रतिसाद २: मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दिसतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबारात पडलेल्यांना आपण हुतात्मेच म्हणतो. पण मोर्चात गेलेला प्रत्येक जण मरायला निघाला नव्हता, म्हणून तिथे ‘आत्माहुती’ मला खटकते.

प्रतिसाद ३: ‘शहीद’ मात्र अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. तिथे आहुतीची कल्पनाच नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे निबंधातले ‘अपघातात आत्माहुती दिली’ हेही खोडायला हवे होते!