तेल पिणे हा बिघाड नव्हे

रोटरी इंजिन (ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) तेल पिऊ लागले म्हणजे ते निकामी झाले, असे काही जण म्हणतात; ते मत पटत नाही; रोटरच्या टोकांवरील सीलना वंगण मिळावे म्हणून पंप थोडे तेल मुद्दामच आत सोडतो. पातळी वरचेवर पाहावी, एवढेच.

खरी धास्ती उष्णतेची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो; अशा वेळी इंजिन एकदा जरी फार तापले, तरी पाणी अडवणारे रबरी सील जाऊन सगळे इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते, म्हणून माझदा आरएक्स-8 सारख्या रोटरी इंजिनाच्या, जास्त चाललेल्या गाडीचा जुना रेडिएटर उन्हाळ्यापूर्वीच बदलावा, असे माझे मत आहे. कॉम्प्रेशन (इंजिनात हवा किती दाबली जाते ते) साध्या गेजवर मोजून मात्र निर्धास्त होऊ नये (आमच्याकडच्या गॅरेजांत बहुधा तोच मिळतो), कारण त्याचा काटा रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो.