जुना जॉब शेड्युलर अपग्रेड करायचा, की चालतंय तसं चालू द्यायचं?

रात्रपाळी
जॉब शेड्युलर म्हणजे ठरलेली कामं (जॉब) ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. बँका आणि विमा कंपन्यांत दोन-तीन व्हर्जन मागे पडलेला शेड्युलर सर्रास दिसतो. कारण ठरलेलं: ईओडी (दिवसअखेरचं काम) वेळेत संपतंय ना, मग हात कशाला लावा? माझ्या मते लावायलाच हवा, आणि तोही नव्या डॅशबोर्डच्या हौसेखातर नाही. शेड्युलर जुना राहिला की त्याच्या खालचंही सगळं जुनंच ठेवावं लागतं. आरएचईएल (रेड हॅटची लिनक्स) ७ चा देखभाल काळ ३० जून २०२४ ला संपला. ८ वर गेलात की डिफॉल्ट क्रिप्टो पॉलिसीत टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) १.० आणि १.१ बंद. जुन्या एजंटला (मशीनवर जॉब चालवणारा शेड्युलरचा भाग) तेवढंच येत असेल तर तो सर्व्हरशी बोलायचा थांबतो. मग कोणीतरी पॉलिसी 'लेगसी' करून ठेवतं, म्हणजे एका एजंटपायी अख्खं मशीन ढिलं. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या सुरक्षा त्रुटीची भानगड आठवा. सपोर्ट संपलेल्या सॉफ्टवेअरला पॅच कोण देणार? लायब्ररीची जार फाईल उघडून त्यातला सदोष क्लास हाताने उडवायचा, एवढंच हातात उरतं.

सोळा आणे
या विषयातलं सगळ्यात महाग उदाहरण सोयीस्कर विसरलात. ब्रिटनमधली आरबीएस, जून २०१२. बॅच शेड्युलरचंच अपग्रेड होतं. ६५ लाखांवर ग्राहकांना फटका बसला, अल्स्टर बँकेचा गोंधळ १० जुलैपर्यंत चालला. २०१४ मध्ये दोन ब्रिटिश नियामकांनी मिळून ५.६ कोटी पौंड दंड ठोकला. जुनं व्हर्जन वेगळ्या नेटवर्कमध्ये बंदिस्त ठेवा, एजंटचे पोर्ट मोजक्याच सर्व्हरना उघडे ठेवा, झालं. ज्याच्यावर हजारो जॉब उभे आहेत तो पाया ऑडिटच्या रकान्यात टिक मारण्यासाठी हलवायचा नसतो.

बॉक्सजॉब
आरबीएसचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. १७ जूनला अपग्रेड झालं, त्रास दिसला, म्हणून ते काढून टाकलं. काढल्यावर काय होईल हे आधी तपासलंच नव्हतं, आणि नवं व्हर्जन जुन्याशी सुसंगत नव्हतं. घोटाळा रोलबॅकमध्ये, म्हणजे जुन्या व्हर्जनवर परत जाण्यात आहे. बहुतेक रनबुकात (कामाच्या पायऱ्यांच्या टिपणात) रोलबॅकपुढे एकच ओळ असते: 'डेटाबेस रिस्टोर करा.' नव्या व्हर्जनने टेबलांची रचना बदलली की जुन्याला ती वाचता येत नाही, म्हणून रिस्टोर करावंच लागतं, हे खरं. पण रिस्टोर रात्री ११ च्या बॅकअपवरून केलं, तर ११ नंतर यशस्वी झालेले जॉब शेड्युलरच्या लेखी झालेलेच नसतात. व्याज पोस्टिंग पुन्हा सुटलं की खात्यात दोनदा व्याज! ऑटोसिस या शेड्युलरमध्ये यासाठी शेड्युलर ग्लोबल ऑटो होल्डमध्ये, म्हणजे सुटायला आलेले जॉब आपोआप रोखून धरत, उठवायची सोय आहे. तसा उठवा, मधल्या काळातले जॉब एजंटच्या लॉगवरून ताडून एकेक 'सक्सेस' (यशस्वी) म्हणून नोंदवा, मगच होल्ड काढा. हे यूएटीत (चाचणीच्या यंत्रणेत) एकदा पूर्ण करून बघितलं नसेल तर अपग्रेडची तारीखच ठरवू नका.

सोळा आणे
म्हणजे माझाच मुद्दा झाला. एवढं काटेकोर काम किती टीम करतात? बहुतेक ठिकाणी शनिवारी रात्री वेंडरचा एक माणूस आणि एक एक्सेल.

रात्रपाळी
टीम कच्ची आहे म्हणून सपोर्ट संपलेलं सॉफ्टवेअर चालवायचं? शिवाय ज्या शनिवार-रविवारवर तुमची भिस्त आहे तो आता उरलाय कुठे? एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, दर अर्ध्या तासाला बॅच. आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. एनएसीएच (हप्ते, पगार असे ठोक व्यवहार) १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारीसुद्धा.

सोळा आणे
अहो, ते कॅलेंडर बदलून होतं. जुन्या व्हर्जनमध्येही होतं.

रात्रपाळी
जॉबचं होतं. शेड्युलर स्वतः पॅचसाठी दोन तास बंद ठेवायचा तो कधी? ज्याला स्टँडबाय सर्व्हरवर फेलओव्हर करता (काम हलवता) येत नाही, त्याच्यासाठी आता मोकळी रात्रच नाही.

बॉक्सजॉब
करणाऱ्यांसाठी थोडं. आधी सर्व्हर, मग एजंट, कारण नवा सर्व्हर सहसा जुन्या एजंटशी बोलतो, उलट होईलच असं नाही. वेंडरचा कंपॅटिबिलिटी तक्ता बघा. समांतर चाचणीत (जुनं-नवं सोबत चालवताना) खऱ्या कमांडच्या जागी डमी टाकतात, पण डमी क्षणात संपते आणि कट-ऑफच्या वेळा तपासल्याच जात नाहीत. जॉबच्या सरासरी वेळेइतकं स्लीप द्या, आणि एक महिनाअखेर त्यात येऊ द्या.

सगळ्यात जास्त घात होतो तो आइस आणि होल्ड या जॉब थांबवायच्या दोन पद्धतींत. ऑन आइस केलेला जॉब चालत नाही, पण त्याच्यावर अवलंबून असलेले जॉब त्याची अट पुरी झाली असं धरून पुढे जातात. कटओव्हरच्या (नव्या व्हर्जनवर जाण्याच्या) रात्री पोस्टिंग आइसवर टाकलंत, तर त्यामागचा जीएल (मुख्य खातेवहीचा) जॉब रिकाम्या फाईलवर धावतो. साखळी थांबवायची असेल तर होल्डच हवा. मात्र होल्ड काढताच, अटी पुऱ्या असलेले जॉब लगेच सुटतात. चारशे जॉबचा होल्ड एकदम काढला तर डेटाबेस झोपलाच म्हणून समजा. एकेक बॉक्स (जॉबचा गट) करून काढा.

सोळा आणे
आइसचं मान्य, ते जुन्या व्हर्जनवाल्यांनीही वाचावं. पण खर्चाबद्दल कोणीच बोललं नाही. अपग्रेडच्या निमित्ताने लायसन्सची मोजणी एजंटवरून रोजच्या जॉबसंख्येवर नेली, तर दर ५ मिनिटांनी फाईल शोधणारा एकच जॉब दिवसाला २८८ रन दाखवतो. रन मोजणार की जॉबच्या व्याख्या (एक जॉब एकदाच), हे सहीच्या आधी लेखी घ्या. आणि तसले जॉब फाईल वॉचरवर (फाईल येण्याची वाट बघणारा एकच जॉब) नेले तर निम्मं ओझं जुन्या व्हर्जनवरच उतरतं, अपग्रेड न करता.